गुळगुळीत तारा

डमडम, २९ ऑगस्ट

आभा,

पाकीट फोडलंस म्हणजे निम्मं काम झालं. भांडायला लिहीत नाहीये. फोनवर तू मला बंद करून टाकलंस त्याला अडीच महिने होतील, तेही मी काढणार नाही. काढलंच म्हणा. देवळालीचा पत्ता मला तुमच्या काळ्या पेट्यांमुळे पाठ आहे. तुझ्या बाबांचं नाव, युनिट, नवं ठाणं, सगळं पांढऱ्या रंगात मीच तर रंगवलं होतं, फोर्ट विल्यमच्या तुमच्या व्हरांड्यात बसून, आणि अक्षरं उतरती आली म्हणून तू हसत होतीस.

काम तारांचं आहे. मला बास गिटारवर फ्लॅटवाउंड, त्या गुळगुळीत तारा, चढवायच्या आहेत आणि त्या वापरणारी माझ्या ओळखीत एकच व्यक्ती आहे. हस. पोटभर हस. तुझ्या तारांना मी 'ओल्या पंचात गुंडाळलेला ढोल' म्हणायचो. तू म्हणायचीस, तुझ्या तारांवर गोल वायर गुंडाळलेली असते, ती कानस आहे कानस, एक दिवस बोटं खाईल. माझ्यावर चपटी पट्टी असते, ती बोटांना विचारून वाजते. पाठ आहे मला सगळं.

कारण असं की पार्क स्ट्रीटवरच्या एका जुन्या रेस्टॉरंटच्या बँडला बास वाजवणारा हवाय. दुर्गापूजेपासून, कायमचा. बापीदा म्हणून पासष्टीचे एक गृहस्थ पियानोवर असतात, त्यांच्या शब्दावर सगळं चालतं. १८ सप्टेंबरला दुपारी दोन वाजता ते मला ऐकणार आहेत. जुनी गाणी, जुना आवाज, त्यात खणखण चालत नाही. म्हणून फ्लॅटवाउंड. एवढंच कारण आहे.

आणि बाबांची बदली नागपूरला झाली. ऑक्टोबरअखेर निघायचंय. मी कॉलेज सोडल्यापासून ते माझ्याशी जेवणापुरतं बोलतात, पण परवा पेपर बाजूला न करता म्हणाले, "ती पियानोवाल्यांकडची जागा मिळाली तर राहा इथे. नाही मिळाली तर सामानाबरोबर चल आणि राहिलेली दोन वर्षं पुरी कर." आई म्हणाली, "अहो, नीट बघून तरी बोला त्याच्याकडे." ते म्हणाले, "बघितलंय."

तर सांग, जाडी कोणती घेऊ? तू ४५ पासूनचा संच लावायचीस की ५०? त्यात हलक्या मिळतात का, म्हणजे कमी दाबून चालेल अशा? करंगळीला विशेष. आवाजासाठीच विचारतोय.

अजेय

ता.क. हात बरा आहे. टाके जूनमध्येच निघाले.


डमडम, ७ सप्टेंबर

आभा,

उत्तर नाही. ठीक आहे. माझं मी केलं.

लालबाजारच्या पुढे वाद्यांची दुकानं आहेत तिथे नंटूदांकडे गेलो. तुझ्या बासची खुंटी त्यांनीच बसवून दिली होती, ते जाड भिंगाचा चष्मा लावणारे. त्यांच्याकडे फ्लॅटवाउंडचे तीन संच निघाले. दोन संचांची पाकिटं नुसती उलटसुलट करून बघितली. तिसऱ्याच्या तारा त्यांनी दुकानातल्याच एका जुन्या, आखूड बासवर लावलेल्या होत्या. म्हणाले, बजाके देखो.

तारेवरून बोट फिरवलं. कुठे कापत नाही, कुठे अडकत नाही. दाबली तर लोण्यासारखी खाली गेली. आवाज तुझ्या बासचा. डोळे मिटले तर तू पलंगावर मांडी घालून बसलीयस आणि मला गप्प बस म्हणतेयस. मी म्हटलं, हाच संच द्या, माझ्या बासवर चढवून द्या.

नंटूदा म्हणाले, "आगे सुनो बाबा, ये बेस छोटा है, इसमें—"

मी म्हटलं, "मला नका शिकवू, मी चार वर्षं वाजवतोय."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "और ये उँगली सीधा क्यों नहीं करता?"

"माझी मर्जी."

त्यांनी माझ्या जुन्या तारा तिथेच पकडीने कापून काढल्या आणि बास आत ठेवला. नव्या तारा जाड आहेत, तार बसते ती वरची खाच कानशीने रुंद करावी लागेल, पूजेच्या आधी कामांचा ढीग आहे, सोळाला संध्याकाळी ये म्हणाले.

नऊ दिवस बास घरी नाही. खरं सांगू? बरं वाटतंय.

अजेय


डमडम, १४ सप्टेंबर

आभा,

तुझं कार्ड आलं. आईच्या हातात पडलं, तिने वाचलं असणार, पण त्यात वाचण्यासारखं होतं काय? 'तारांचं नंतर. करंगळीला काय झालंय ते लिही.' खाली नावसुद्धा नाही. राग आला. मग रात्रभर ते कार्ड उशीखाली होतं.

लिहितो. आईला सांगायचं नाही, आधी कबूल कर. तुझ्याकडे तिचा नंबर आहे, मला माहितीये.

डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही बधिर आहेत. मुंग्या वगैरे नाही. नाहीतच. दुसऱ्या कोणाची दोन बोटं माझ्या पंज्याला शिवून दिल्यासारखी. सरळ होत नाहीत, आत वळलेली राहतात. ऑगस्टच्या मध्यावर सराव करत होतो आणि सहाव्या पट्टीवर काहीतरी ओलं, लाल दिसलं. मला वाटलं आईचं कुंकू कुठून लागलं. करंगळीची कातडी सोलून निघाली होती, तारेच्या कानशीवर. किती वेळ घासत होतो देव जाणे. दुखलं असतं तर थांबलो असतो ना? तुझं बोलणं खरं झालं, बोटं खाल्ली.

म्हणून गुळगुळीत तारा. आता कळलं कारण.

परवा आई पोळ्या करत होती, मी बोलता बोलता ओट्याला टेकलो. आधी वास आला. मी म्हणालो, "आई, काही जळतंय का गं?" ती म्हणाली, "पोळी असेल." पोळी नव्हती. करंगळी तव्याच्या कडेला टेकली होती. खिशात हात घालून बाहेर गेलो आणि जिन्यात बसून राहिलो.

बराकपूरला एक डॉक्टर आहेत, घरापासून लांब म्हणून मुद्दाम तिथे गेलो. म्हणाले, काच मनगटातून खोल गेली तेव्हा बोटांकडे जाणारी नस अर्धी तुटली असणार, तेव्हाच जोडायला हवी होती. तेव्हा कोण जोडणार? टाके घालणारा मुलगा म्हणत होता, बोटं हलवून दाखव, आणि मी हात ओढून घेऊन निघून आलो. तू रिसेप्शनपाशी उभी होतीस, मला तुझ्या मागे यायचं होतं. आता दुसरीकडची नस काढून इथे जोडायची. सहा आठवडे हात लाकडासारखा बांधून ठेवायचा. मग ती रोज एक मिलिमीटर वाढणार. रोज एक मिलिमीटर, आभा. आणि किती परत येईल ते सांगता येत नाही, कदाचित थोडं, कदाचित काहीच नाही. नाही केलं तर वर्षभरात आतले स्नायू जातात ते कायमचे. अंगठ्याच्या बाजूला खड्डा पडायला लागलाच आहे. तो मी कोणाला दिसू देत नाही.

त्यांनी २० तारीख दिलीय. चिठ्ठी माझ्या बासच्या पुस्तकात आहे. जाणार नाही. १८ ला ऐकवायचंय आणि पंचमीपासून वाजवायचंय, सहा आठवडे हात बांधला तर जागा गेली, नागपूर आलं. मऊ तारा असल्या की दोन बोटांवरही निभेल. हिवाळा काढला की बघू.

आणि तो काचेचा दिवस. तू पलीकडे उभी आहेस हे मला माहीत नव्हतं. तुझे बाबा मला म्हणाले होते, "आता पुरे, ती येणार नाही बाहेर, तू घरी जा." माझं डोकं सणकलं, दारावर हात मारला. दार धुरकट काचेचं, आणि तू म्हणे खोलीत. मला काय माहीत?

अजेय


डमडम, १७ सप्टेंबर

आभा,

चूक झालीये आणि दुरुस्त करायला आज या शहरात कोणी नाही.

काल संध्याकाळी बास आणला. गर्दीत उघडून बघितला नाही. सकाळी आईबाबा बाजारात गेल्यावर केस उघडली, पहिली तार दाबली. खाली जाईना. लोखंडी गज. गुळगुळीत आहे, कापत नाही, पण दाबायला दुकानात लागला होता त्याच्या दुप्पट जोर लागतो. करंगळी नुसती वर ठेवलेली राहते, पाल बसल्यासारखी. मी तिला उजव्या हाताने दाबून बघितलं. हसशील, पण मी तिला शिव्या दिल्या.

तसाच बास खांद्याला लावून लालबाजार गाठलं. आज विश्वकर्मा पूजा हे डोक्यातच नव्हतं. तुला आठवतंय, गेल्या वर्षी याच दिवशी आपण तुमच्या गच्चीवरून पतंग बघत होतो? नंटूदांच्या दुकानात मूर्ती मांडलेली, पुढे त्यांच्या सगळ्या कानशी, पकडी, पेचकस, करवती ओळीने, प्रत्येकावर शेंदराचा टिळा आणि झेंडूची पाकळी. ते नवा शर्ट घालून पानावर खिचडी वाढत होते. मला बघून म्हणाले, "बोसो बोसो, खा आधी."

मी म्हटलं, "तारा बदला. उद्या दोन वाजता मला वाजवायचंय."

"आज हत्यारं विश्रांती घेतात. आज ब्लेडने कोणी दाढीसुद्धा करत नाही इथे."

"तुम्ही फसवलंत मला. त्या मऊ होत्या."

"आरे, मैं तो बता रहा था. तू ऐकलंस?" मग त्यांनी लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. त्यांचा बास आखूड, म्हणून तीच तार त्यावर सैल बसते. माझा लांब, तिला ओढून ताणावी लागते. आणि या जातीच्या तारा मुळातच कडक. वरून मऊ, आतून कडक. सगळे फसतात, म्हणाले, बोट फिरवून घेतात, दाबून घेत नाहीत. हलका संच त्या तीन संचांतच होता, तो मी हातात धरून खाली ठेवला होता.

"मग आत्ता लावा तो."

"उद्या. विसर्जन करून येतो, तीन-चार वाजता."

आभा, मी मूर्तीपुढचा पेचकस उचलला. ते म्हणाले, "रखो." मी डावा हात उगारला. पासष्ट-सत्तर वर्षांचा माणूस, एका हातात खिचडीची पळी. ते मागे सरले नाहीत. माझ्या हाताकडे बघत राहिले, त्या दोन वाकड्या बोटांकडे, आणि एकदम त्यांचा चेहरा असा झाला, घाबरला नाही, कसनुसा झाला, आजारी माणसाकडे बघतात तसा. मी पेचकस ठेवला. पाकळी खाली पडली होती ती उचलून परत ठेवली. पळत ट्राम लाइनपर्यंत आलो.

तिथे उभा राहून मला कळलं की तो हात खाली आला असता तर मला काहीच कळलं नसतं. दुखलं नसतं. कशाने थांबलो असतो मी?

म्हणून आता खरं लिहितो, नाहीतर पुन्हा लिहिणार नाही. तू दाराच्या पलीकडे आहेस हे मला दिसलं होतं. तुझी सावली होती काचेवर, केस बांधत होतीस, दोन्ही हात डोक्यामागे. मला दिसलं आणि मी मारलं. उजव्या हातात बास होता, तो मी सांभाळून बाजूला धरला आणि डाव्या हाताने मारलं. बास सांभाळला. काच तुझ्या पायाशी पडली, तोंडावर उडाली नाही, हे माझं कर्तृत्व नाही.

तू मला बंद केलंस ते बरोबर केलंस. तुला वाटत होतं तेवढा नाही, त्याहून जास्त वाईट आहे मी. मला माझी भीती वाटते. हे लिहिताना डावा हात मी मांडीखाली दाबून बसलोय.

अजेय


डमडम, १८ सप्टेंबर, रात्रीची जेवणं झाल्यावर

आभा,

जागा मिळाली. आणि तू आईला फोन केलास. दोन्ही एकाच दिवशी.

आधी जागा. दुपारी रेस्टॉरंट रिकामं, खुर्च्या टेबलांवर उलट्या, एसी बंद. बापीदा फार बोलत नाहीत. पियानोवर दोन सूर वाजवले, मान हलवली, सुरू. मी करंगळी आणि तिची शेजारीण खाली लपवली आणि पहिल्या दोन बोटांवर सगळं खेचलं. जिथे करंगळी लागते तिथे अख्खा हात सरकवला. तारा कडक, पण गुळगुळीत, सरकायला बऱ्या. तिसऱ्या गाण्यात एका जागी हात पोचेना, म्हणून करंगळी टाकली. ती तारेवर पडली की नाही हे मला कळलंच नाही. चुकीचा सूर ऐकू आला तेव्हा कळलं की नाही पडली. माझं बोट कुठे आहे हे मला कानांनी शोधावं लागतंय. हे लिहिताना परत घाम आलाय.

बापीदा थांबले. मला वाटलं संपलं. ते उठून आले, माझ्या बासकडे बघून म्हणाले, "दो उँगली से बजाते हो. आजकल कोई नहीं बजाता ऐसे. पूर्वी मोठा उभा बास वाजवणारे असे वाजवायचे. किससे सीखा?"

त्यांना ती पद्धत वाटली. त्यांना वाटलं मी शिकलोय तसं.

मी म्हटलं, "एका मैत्रिणीकडून."

"आणि या तारा पण तिनेच सांगितल्या?"

"हो."

"बुद्धिमान मुलगी. पंचमीला पाच वाजता ये, काळा शर्ट घाल."

मेट्रोत मला आनंद व्हायला हवा होता. मी दोन्ही हातांनी दांडा धरला होता आणि डाव्या हाताने तो खरंच धरलाय का ते सारखं वाकून बघत होतो. शेजारच्या बाईंनी पर्स पोटाशी ओढून घेतली.

दार आईने उघडलं. हातात फोन. "देवळालीहून आभाचा होता," म्हणाली.

तुला विनवलं होतं. हे पत्र तुला मिळायला चार दिवस लागणार, कालचंही अजून टपालातच असेल, म्हणजे तू चौदाच्या पत्रावरून केलास. जे तू वाचलंस त्यात मी खोटंच लिहिलं होतं, तरी केलास. मी ओरडलो. तुझ्यावर, आईवर, कोणावर ते माहीत नाही. आई ओरडली नाही. म्हणाली, "मूठ वळ."

"आई, उगाच काहीतरी—"

"मूठ वळ म्हणते ना, अजू."

वळली नाही. तीन बोटं वळली, दोन तशीच. तिने तो हात दोन्ही हातांत घेतला आणि भेंडी निवडताना बघते तसा उलटसुलट करून बघितला. करंगळीवरचा भाजल्याचा डाग बघितला, अंगठ्याकडचा खड्डा बघितला, त्यात आपलं बोट ठेवलं. "हे तव्याचं," म्हणाली, "मला वास आला होता त्या दिवशी. मी पोळी म्हटलं." मग ती रडली नाही, स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद करून आली.

बाबा म्हणाले, "पितृपक्ष चालू आहे. तीन-चार दिवसांनी घट बसतील, मग चांगला दिवस बघून—" हे ते आईसाठी म्हणत होते. आई या पंधरवड्यात घरात साधी केरसुणी आणत नाही, तुला ठाऊक आहे.

आई म्हणाली, "डॉक्टरांनी वीस दिलीय. वीसलाच. पितरांना मुलगा धड हवा असेल की."

मी म्हटलं, "मी नाही म्हणालो तर?"

बाबांनी पेपर बाजूला ठेवला. "तर नाही म्हण. पण आमच्या तोंडावर म्हण. जिन्यात बसून नको."

त्यांनी मला जिन्यात बघितलं होतं तर.

मी नाही म्हणालो नाही. हो पण म्हणालो नाही.

अजेय


बराकपूर, १९ सप्टेंबर

आभा,

दवाखान्यातून लिहितोय, उद्या सकाळी सातला नेणार आहेत. हे बाबा टपालात टाकतील. त्यांनी पाकिटावरचा पत्ता वाचला.

सकाळी बापीदांना मीच फोन केला. आई म्हणाली मी करते, मी म्हटलं नको. सांगितलं की ती पद्धत नव्हती, बोटं चालत नाहीत. त्यांच्या मागे कोणीतरी टेबलं सरकवत होतं. मग म्हणाले, "अच्छा. फिर तो पूजो के लिए किसी को देखना पड़ेगा." बरा झालास की ये, असं काही ते म्हणाले नाहीत. मी वाट बघितली.

नागपूरचं अजून कोणी बोलत नाही.

दुपारी डॉक्टर आले. आई खुर्चीवर, बाबा खिडकीपाशी. डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले, हात उताणा ठेवला आणि टाचणी घेतली. लागली की सांग, म्हणाले. कुठून कुठपर्यंत गेलंय ते पेनाने आखून ठेवायचं असतं.

हे त्यांनी ऑगस्टमध्ये पण केलं होतं आणि तेव्हा मी त्यांना फसवलं होतं. टाचणी टेकवताना त्यांच्या कोटाची बाही सळसळते. ती ऐकायची आणि 'हो' म्हणायचं. दहातली सहा तरी बरोबर आली होती. त्यांनी वहीत लिहिलं होतं, थोडी संवेदना शिल्लक. मी ते वाक्य घरी जाताना मनात म्हणत गेलो होतो.

आज बाही सळसळली.

"लागली?"

जीभ 'हो'वर आलीच होती. आईचा श्वास ऐकू येत होता.

"नाही."

"आता?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

मला वाटलं होतं दोन बोटं संपली की थांबेल. ते तळहातावर आले असणार, मी अंदाजाने म्हणतोय. नाही. मग कड. नाही. प्रत्येक वेळी पेन टेकल्याचा आवाज यायचा, टेकल्याचं कळायचं नाही. मी इतक्या वेळा नाही म्हणालो की शब्द तोंडात सैल झाला. मग मनगटाच्या जरा अलीकडे, कुठेतरी लांबून, कोणीतरी दार ठोठावावं तसं काहीतरी लागलं.

"हो. इथे."

पेनाने रेघ मारल्याचा आवाज आला. बाबांची पावलं खिडकीपासून पलंगापर्यंत आली. म्हणाले, "इतकं वरपर्यंत?" डॉक्टर म्हणाले, "हो."

मग डॉक्टर मला म्हणाले, झालं, उघडा डोळे.

मी नाही उघडले.

अजेय